राष्ट्राध्यक्षांच्या अंगातली गोळी आणि आत्याचं जोडवं : पिनपॉइंटर घेण्याआधी ग्रॅहम बेलची गोष्ट वाचा

दिवाळीच्या सुट्टीत करमाळ्याला गेलो होतो. शेतात खुरपताना आत्याच्या पायातलं चांदीचं जोडवं पडलं. मी इंजिनिअर, त्यामुळे सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीही ऐटीत मोबाईल काढून मेटल डिटेक्टरचं ॲप चालू केलं. अर्ध्या तासात खिळे सापडले, पाइपचा लोखंडी क्लॅम्प सापडला, जोडवं काही नाही.

कारण साधं आहे. ही ॲप्स फोनमधल्या मॅग्नेटोमीटरवर, म्हणजे होकायंत्राच्या सेन्सरवर चालतात. त्याला लोखंड कळतं. चांदी, सोनं, तांबं कळत नाही. त्यासाठी पिनपॉइंटर लागतो. मोठ्या टॉर्चएवढं हातात धरायचं यंत्र, टोकाजवळ धातू आला की वाजतं. तो कोणता घ्यावा हे शोधता शोधता मी पोचलो थेट अलेक्झांडर ग्रॅहम बेलपाशी. हो, टेलिफोनवालाच!

आवाजाच्या घरात वाढलेला मुलगा

बेलचा जन्म 3 मार्च 1847 ला स्कॉटलंडमधल्या एडिनबर्गचा. आईला ऐकू कमी यायचं आणि वडील उच्चारशास्त्राचे शिक्षक. दोन्ही भाऊ क्षयाने गेले. उरलेला मुलगा तरी वाचावा म्हणून 1870 मध्ये आईवडील त्याला घेऊन कॅनडात गेले. पुढच्या वर्षी तो अमेरिकेत बोस्टनला बहिऱ्या मुलांना शिकवायला लागला. त्याच्या विद्यार्थ्यांपैकी मेबल हबर्ड पुढे त्याची बायको झाली. लहानपणीच्या तापात तिची ऐकण्याची शक्ती गेली होती.

7 मार्च 1876 ला टेलिफोनचं पेटंट मिळालं, तेव्हा बेल फक्त 29 वर्षांचा होता. म्हणजे जवळपास माझ्याच वयाचा, आणि मी जोडवं शोधतोय!

1881 चा उन्हाळा

2 जुलै 1881 ला वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. एक गोळी पाठीतून आत शिरून तिथेच राहिली. एक्स-रेचा शोध लागायला अजून 14 वर्षं होती. डॉक्टर न धुतलेल्या बोटांनी जखम चाचपत होते.

टेलिफोनच्या तारांमधला खरखराट घालवताना बेलने एकमेकांचा परिणाम खोडून काढणाऱ्या तारांवर काम केलं होतं. तीच युक्ती त्याने इथे वापरली. एका कॉइलमधून तुटक करंट सोडायचा आणि दुसरी कॉइल अशी ठेवायची की तिच्यातला परिणाम शून्य होईल. मग टेलिफोनमध्ये शांतता. जवळ धातू आला की तोल बिघडतो आणि आवाज येतो. आजच्या बऱ्याच पिनपॉइंटरमध्ये मूळ तत्त्व हेच असतं, फक्त कानाशी टेलिफोन धरायच्या ऐवजी बीप वाजतो.

बेल आणि त्याचा सहकारी टेंटर यांनी रात्रंदिवस काम केलं. अंगात जुनी गोळी राहिलेल्या सैनिकांवर चाचणी केली. यंत्र चाललं.

26 जुलैला व्हाइट हाउसमध्ये मात्र नुसतीच खरखर आली. एक जोडणी चुकली होती. 1 ऑगस्टला पुन्हा गेले, तर मोठ्या भागावर पुसटसा आवाज. राष्ट्राध्यक्षांच्या गादीखाली पोलादी तारांची आणखी एक गादी आहे हे नंतर समजलं. गादीनेच घोळ केला असं आजही बरेच जण सांगतात. पण खरी अडचण वेगळी होती. मुख्य डॉक्टर ब्लिस यांच्या मते गोळी उजवीकडे होती, म्हणून शोधही उजवीकडेच झाला. 19 सप्टेंबरला गारफिल्ड गेले. शवविच्छेदनात गोळी मणक्याच्या डावीकडे, खूप खोल सापडली. आणि मृत्यूचं मोठं कारण गोळी नव्हतं, जखमेत पसरलेला जंतुसंसर्ग होता.

त्याच ऑगस्टमध्ये बेलचा मुलगा अपुऱ्या दिवसांचा जन्मला आणि श्वास न जमल्याने काही तासांतच गेला. त्यानंतर बेलने श्वासोच्छ्वासाला मदत करणारं एक जाकीट तयार केलं. गोळी शोधायचं तंत्रही वाया गेलं नाही. एक्स-रे येईपर्यंत डॉक्टरांना त्याचा उपयोग झाला.

पुढचा बेल

त्याने हेलन केलरच्या वडिलांना तिच्या शिक्षणाचा मार्ग दाखवला, विमानांचे प्रयोग केले. पण बहिऱ्या मुलांनी खुणांची भाषा सोडून बोलायलाच शिकावं, असा त्याचा हट्ट होता. त्या हट्टाने अनेक पिढ्यांचं नुकसान झालं असं बहिऱ्या समाजातले खूप लोक मानतात. 2 ऑगस्ट 1922 ला तो कॅनडात वारला. अंत्यविधीच्या वेळी अमेरिका आणि कॅनडातले टेलिफोन एक मिनिट बंद ठेवले होते.

मग पिनपॉइंटर घेताना काय बघायचं?

- टप्पा : नाण्याएवढी वस्तू साधारण दोन-तीन इंचांवरच कळते. त्याहून मोठे दावे दिसले तर सावध.
- सेन्सिटिव्हिटी कमी-जास्त करायची सोय : आपल्या काळ्या मातीत लोहाचे कण असतात, स्वस्तातलं यंत्र उगाच वाजत राहतं. रीट्यूनचं बटण असेल तर उत्तम.
- व्हायब्रेशन आणि वॉटरप्रूफ : मोटर चालू असताना बीप ऐकू येत नाही, आणि पाणी दिलेल्या रानात यंत्र भिजणारच.
- बॅटरी : 9 व्होल्टची की यूएसबी चार्जिंगची, हे आधी बघा.

आणि एक कायदा. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीची मौल्यवान वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. त्यामुळे करमाळ्याच्या निंबाळकरांच्या किल्ल्यात यंत्र घेऊन धन शोधायला जाऊ नका.

मी शेवटी मित्राचा पिनपॉइंटर मागून आणला. पहिले दहा मिनिटं तो सारखा वाजत होता, कारण माझ्या दुसऱ्या हातात खुरपं होतं! ते लांब ठेवलं. तरी सगळे सांगत होते त्या सरींमध्ये काहीच नव्हतं. मग आत्यालाच नीट विचारलं. खुरपून झाल्यावर व्हॉल्व्हपाशी पाय धुतले होते, हे तिला आठवलं. तिथल्या चिखलात चार बोटं खाली जोडवं मिळालं.

बेलला उजवी बाजू सोडून बघायची परवानगी नव्हती. आपल्याला असते, तेवढी वापरा.