विश्लेषण : ‘गोंयच्या सायबा’ची मच्छीमारांमधली दोन वर्षे कशी होती?

जुन्या गोव्यातील बॉम जीझस बॅसिलिकात सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव आहे आणि ३ डिसेंबरला तिथे त्यांचे फेस्त साजरे होते. गोवेकर त्यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात. पण भारतातली त्यांची सुरुवातीची दोनेक वर्षे मुख्यतः गोव्याबाहेर, आजच्या तमिळनाडूत तुतिकोरिन ते कन्याकुमारी या किनाऱ्यावर गेली. समुद्रावर पोट असणाऱ्यांमध्ये चर्च कसे काम करते, याचे भारतातले हे एक जुने उदाहरण.

परवर ख्रिस्ती का झाले?

परवर हे समुद्रात बुडी मारून मोत्यांचे शिंपले काढणारे. या धंद्यावरील हक्कावरून १५३५ च्या सुमारास त्यांचा मुस्लीम व्यापाऱ्यांशी रक्तरंजित संघर्ष झाला. परवरांचे शिष्टमंडळ कोचीनला पोर्तुगीजांकडे गेले. संरक्षण मिळाले, पण बाप्तिस्म्याच्या बदल्यात. थोड्याच काळात सुमारे २० हजार परवर ख्रिस्ती झाल्याचे सांगितले जाते. मोत्यांच्या व्यापारात पोर्तुगीजांना रस होताच. बाप्तिस्मा देणारे पाद्री परतले, त्यांना तमिळही येत नव्हते. लोकांची नावे बदलली, त्यापुढे फारसे काही झाले नाही.

झेवियर यांनी काय केले?

झेवियर यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी नवारा राज्यात (आता स्पेनमध्ये) झाला. पॅरिसमध्ये शिकताना इग्नेशियस लोयोला भेटले आणि दोघांचा येशूसंघाच्या स्थापनेत वाटा राहिला. लिस्बनहून निघून, वाटेत आजारी खलाशांची सेवा करत, ते ६ मे १५४२ रोजी गोव्यात पोहोचले आणि काही महिन्यांतच परवरांकडे गेले.

तमिळ त्यांनाही येत नव्हती. दोन्ही भाषा जाणणाऱ्यांकडून प्रार्थना तमिळमध्ये करून घेतल्या, पाठ केल्या आणि हातात घंटा घेऊन गावोगाव मुलांना शिकवल्या. मुलांनी त्या घरच्यांना शिकवायच्या. पुढच्या गावाला जाताना मागे एक स्थानिक ‘कणक्कपिळ्ळै’ नेमायचा. अर्भकांना बाप्तिस्मा, लग्नांची नोंद ही त्याची कामे. या माणसांच्या पगारासाठी झेवियर यांनी पोर्तुगालच्या राणीच्या जोड्यांसाठी वसूल होणारे चार हजार पणम मागून घेतले.

१५४४ मध्ये काय घडले?

जूनमध्ये वडुगर सैनिकांनी किनारा लुटला. कन्याकुमारीजवळचे लोक समुद्रातल्या खडकांवर पळाले. तिथे ना अन्न, ना पाणी. झेवियर मणपाडहून २० होड्या घेऊन निघाले. वारा उलटा पडला, होड्या पोहोचेनात. अखेर ते किनाऱ्याने चालत गेले.

त्यांचा राग मात्र वडुगरांपेक्षा तुतिकोरिनच्या पोर्तुगीज कप्तानावर अधिक होता. ज्यांचे रक्षण करायचे त्यांना वाऱ्यावर सोडून हा घोड्यांच्या व्यापारात गुंतला होता. सप्टेंबरमध्ये वडुगर त्याच्यावरच चालून आले, तेव्हा झेवियर यांनी त्याच्यासाठीही पाण्याच्या होड्या पाठवायला सांगितले. बाप्तिस्मा घेऊनही परवरांना संरक्षण मिळाले नव्हते, हे त्यांनी स्वतः पाहिले.

वाद कशावरून?

१५४४ च्या अखेरीस त्रावणकोर किनाऱ्यावर त्यांनी महिनाभरात दहा हजारांहून अधिक मुक्कुवर मच्छीमारांना बाप्तिस्मा दिला. इतक्या घाईत कोणाला काय कळले असेल, हा प्रश्न रास्तच. मुलांकडून मूर्ती फोडून घेतल्याचे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. १५४६ मध्ये त्यांनी पोर्तुगालच्या राजाकडे गोव्यासाठी इन्क्विझिशन मागितले. ते आले १५६० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. होड्या घेऊन निघालेला माणूसही तोच आणि ही मागणी करणाराही तोच.

पुढे काय?

मलाक्का, मोलुक्का बेटे, जपान असा प्रवास करून ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यालगत शांगचुआन बेटावर ते वारले. परवरांमध्ये त्यांचे काम एन्रिके एन्रिकेश या पाद्रींनी पुढे नेले. ते तमिळ लिहा-वाचायला शिकले आणि १५७८ मध्ये कोल्लम येथे त्यांचे ‘तंबिरान वणक्कम’ हे तमिळ पुस्तक छापले गेले.