पलुसकरांची गायनशाळा

वाशीला अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे कार्यालय आहे. त्या बाजूने जाताना ती पाटी मी कितीदा वाचली असेल. पण हे आपल्यासारखेच एखादे कॉलेज असावे, अशी माझी भाबडी समजूत. मग धाकट्या बहिणीने गाण्याच्या ‘प्रारंभिक’ परीक्षेचा फॉर्म घरी आणला आणि आजी हसू लागली. माझी आजी धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नघरी धवले गायला तिला मानाचे बोलावणे येते. शेकडो धवले तोंडपाठ, अक्षरओळख शून्य. गाण्यालासुद्धा मार्क देतात हे तिला काही केल्या पटेना. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच; तेव्हा उत्तर देण्याची जबाबदारी माझ्यावर आली. ते शोधताना मी पं. विष्णु दिगंबर पलुसकरांपाशी जाऊन पोहोचले.

पलुसकरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडला झाला. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार. लहानपणी फटाक्याच्या दारूने विष्णूचे डोळे भाजले, दृष्टी अधू झाली आणि शाळा सुटली. उपचारासाठी मिरजेला नेलेला हा मुलगा तिथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागला. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे हे थोर गुरू. त्यांच्याकडे पलुसकर कित्येक वर्षे घासले गेले.

मिरजेत त्यांना आश्रय होता, पुढे दरबारी गवई म्हणून सुखात आयुष्य गेले असते. परंतु एका समारंभाला गावातील प्रतिष्ठितांना आमंत्रणे गेली आणि गुरुजींना मात्र गेले नाही, हे त्यांच्या मनाला लागले असे सांगतात. गवयाला ऐकायचे, बक्षीस द्यायचे, पण शेजारी बसवायचे नाही, अशी तेव्हाची रीत. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. बडोदा, ग्वाल्हेर, मथुरा, सौराष्ट्र असे ते हिंडले. राजेरजवाड्यांपुढे गायले, तसेच तिकीट लावून सामान्य लोकांपुढेही गायले. चार आणे देणाऱ्याला गाणे ऐकायचा हक्क मिळतो, ही कल्पना त्या काळात नवीनच होती.

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले. गाण्याची शाळा त्याआधी, १८८६ मध्ये, बडोद्याला मौलाबक्षांनी काढली होती. पण तिला सयाजीराव महाराजांचा आधार होता. पलुसकरांची शाळा चालायची लोकांच्या देणग्यांवर आणि त्यांच्या स्वतःच्या मैफलींच्या कमाईवर. सुरुवातीला विद्यार्थीच येईनात. मग वर्ग भरले, स्त्रियांसाठीही वर्ग निघाले. नोटेशनची पुस्तके छापली गेली, अभ्यासक्रम ठरला, परीक्षा आल्या. सगळेच तानसेन होणार नाहीत, पण चांगले ऐकणारे कान तरी तयार होतील, असा त्यांचा हिशेब होता. त्यांची नोटेशन पद्धत मात्र किचकट होती. भातखंड्यांची सोपी पद्धत पुढे जास्त चालली, हे मान्य केले पाहिजे.

रचनाकार म्हणून त्यांनी तुलसीदास, सूरदास, कबीर यांच्या पदांना रागदारी चाली दिल्या. ‘रघुपति राघव राजाराम’ची सर्वांना ठाऊक असलेली चालही त्यांचीच मानतात. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते ‘वंदे मातरम्’ गात. जुन्या बंदिशींतील शृंगाराचे शब्द काढून त्यांनी भक्तीचे शब्द घातले, ते मला तितकेसे रुचत नाही. घरंदाज मुलींना गाण्याच्या वर्गात पाठवायला आईबाप तयार झाले ते त्यामुळेच, हे खरे. पण ज्या कलावंतिणींनी पिढ्यान् पिढ्या ते गाणे जपले, त्यांना या शाळेत कोणते स्थान होते?

१९०८ मध्ये महाविद्यालय मुंबईत आले. सँडहर्स्ट रोडवर मोठी इमारत उभी राहिली ती कर्ज काढून. शिष्यांना घरात ठेवून जेवूखाऊ घालायचे, त्यांना पुढे गावोगावी शिकवायला पाठवायचे, हा सारा खर्च एका गळ्याच्या कमाईवर! कर्ज फिटले नाही. १९२४ च्या सुमारास इमारत लिलावात गेली. ज्या माणसाने गवयाला दरबाराच्या दारातून बाहेर काढले, त्याचे स्वतःचे छप्पर सावकारांनी नेले. त्याआधीच पलुसकर नाशिकच्या रामनाम आश्रमाकडे वळले होते. पुढे त्यांच्या मुखी रामनामच उरले. डोळ्यांनी पूर्वीच साथ सोडली होती, शरीरही थकले. अनेक मुले लहानपणीच गेली. एकटा दत्तात्रेय जगला. हेच पुढचे प्रसिद्ध गायक डी. व्ही. पलुसकर. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेला पंडितजींचे निधन झाले तेव्हा दत्तात्रेय अवघा दहा वर्षांचा होता. त्याला पुढे शिकवले ते वडिलांच्याच शिष्यांनी, मुख्यतः विनायकराव पटवर्धनांनी.

ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर हे त्यांचेच शिष्य. १९३१ मध्येच शिष्यमंडळींनी एकत्र येऊन मंडळ स्थापन केले. आज वाशीला ज्याची पाटी आहे, तेच हे.

हे सारे मी आजीला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि इमारत गेल्यावर त्या मुलांच्या जेवणाचे काय झाले, एवढेच विचारले. बहिणीने फॉर्म भरला आहे. सध्या घरात सकाळ-संध्याकाळ भूप चालू असतो.