काचेखालची केळ आणि जोसेफ पॅक्स्टन

९ मे १८२६. पहाटेचे साडेचार वाजले होते. इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील चॅट्सवर्थ या भव्य प्रासादाची फाटके अजून उघडलेली नव्हती. लंडनहून रात्रभर घोडागाडीचा प्रवास करून आलेला एक तरुण फाटकाशी थांबला नाही. कुंपणाची भिंत चढून तो आत उतरला. साऱ्या बागेला त्याने फेरी मारली, सहा वाजता आलेल्या माळ्यांना कामे वाटून दिली, कारंजी सुरू करवून पाहिली आणि मग वाड्याच्या कारभारीणबाईंकडे न्याहारीला गेला. तेथे त्यांची भाची सारा बाऊन हिची गाठ पडली आणि दोघांचीही मने एकमेकांवर जडली. नऊ वाजायच्या आत हे सारे घडले, असे त्याने पुढे लिहून ठेवले. या तरुणाचे नाव जोसेफ पॅक्स्टन. वय अवघे बावीस.

पॅक्स्टनचा जन्म ३ ऑगस्ट १८०३ रोजी बेडफर्डशायरमधील मिल्टन ब्रायन या खेड्यात एका शेतमजुराच्या घरी झाला. घरात भावंडांचा मोठा खटला. शिक्षण जेमतेम. पंधराव्या वर्षी तो जवळच्या एका जमीनदाराच्या बागेत उमेदवारी करू लागला आणि १८२३ साली लंडनजवळच्या चिझिक येथील हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत लागला. तेथे नाव नोंदवताना त्याने आपले जन्मवर्ष १८०१ असे सांगितले. दोन वर्षे वाढवली की पोरगेलेपण झाकले जाईल, हा हिशेब.

त्या बागेची जमीन डेव्हनशायरचे सहावे ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश यांची होती. शेजारीच त्यांचा वाडा होता. अविवाहित, गडगंज आणि कानाने अधू असलेला हा सरदार बागेत फिरायला येई. या तरुण माळ्याचे स्पष्ट बोलणे आणि कामातली समज त्याच्या मनात भरली. चॅट्सवर्थच्या मुख्य माळ्याची जागा रिकामी होताच त्याने ती पॅक्स्टनला देऊ केली. पुढच्याच वर्षी, १८२७ मध्ये, पॅक्स्टन आणि सारा यांचे लग्न झाले. तो दौऱ्यावर असताना बागेचा हिशेब, मजुरांचे पगार आणि पत्रव्यवहार सारा सांभाळी. त्याच्या पुढच्या साऱ्या यशात या कर्तबगार स्त्रीचा वाटा मोठा होता.

ड्यूकला सुरुवातीला झाडापेडांचे फारसे वेड नव्हते. ते पॅक्स्टनने लावले. मग मात्र दूरदेशीच्या वनस्पती मिळवण्यासाठी ड्यूकने हात आखडता घेतला नाही. याच काळात, १८३० च्या सुमारास, मॉरिशसहून इंग्लंडमध्ये आलेल्या केळीच्या एका बुटक्या जातीचे रोप पॅक्स्टनच्या हाती आले. चॅट्सवर्थमधील चिनी भित्तिचित्रात केळीचे झाड पाहून त्याला या रोपाची ओढ लागली, अशी एक कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, रोप मात्र खरे होते आणि त्याला जगवणे ही परीक्षाच होती.

केळ हा वृक्ष नव्हे. तिचा बुंधा म्हणजे एकमेकांवर घट्ट लपेटलेल्या पानांच्या देठांचे सोपट. खरा जीव असतो तो जमिनीखालच्या कंदात. पारा सोळा अंश सेल्सियसच्या खाली उतरला की तिची वाढ जवळजवळ थांबते. हिमकण पडले की पाने एका रात्रीत काळी पडतात. त्याहूनही घातक असते ती थंडीतली ओल. गारठलेल्या, पाणथळ मातीत कंद कुजू लागतो आणि वरून ठीक दिसणारे झाड आतून संपलेले असते. त्यात केळीला पानांमागून पाने काढल्यावरच, कित्येक महिन्यांनी, केळफूल येते. म्हणजे तिला उत्तरेकडचा एक हिवाळा नुसता कसाबसा सोसून भागत नाही. तिची वाढ न खुंटता तो पार पडावा लागतो. अशी झाडे इंग्लंडमध्ये त्यापूर्वी कुतूहल म्हणून वाढवली गेली होती. पण बहुतेक जाती इतक्या उंच होत की काचगृहाच्या छताला त्यांची पाने टेकत.

पॅक्स्टनने हेरले ते नेमके हेच. ही जात माणसाच्या उंचीहून फारशी वर जात नव्हती. त्याने काचेखाली खड्डा घेतला, त्यात पोयट्याची माती आणि चांगले कुजलेले शेणखत भरले, पाणी मुबलक दिले आणि हवा सुमारे अठरा ते तीस अंशांच्या दरम्यान राहील अशी शेकोटीची व्यवस्था ठेवली. बाहेर डर्बीशायरच्या टेकड्यांवर हिवाळा उतरत असताना, नोव्हेंबर १८३५ मध्ये, केळ निसवली. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत घडाला शंभराहून अधिक केळी लागली होती. हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या प्रदर्शनात तिला पदक मिळाले आणि मालकाच्या आडनावावरून या जातीला मुसा कॅव्हेंडिशाय असे नाव देण्यात आले. मेजवानीत स्वतःच्या बागेतली केळी मांडणे ही ड्यूकसाठी मोठ्या अभिमानाची गोष्ट ठरली.

पण या हव्यासाला दुसरी बाजूही होती. १८३५ मध्ये पॅक्स्टनने जॉन गिब्सन या तरुण माळ्याला हिंदुस्थानात धाडले. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात नथानिएल वॉलिच यांची मदत घेऊन गिब्सन खासी टेकड्यांत, चेरापुंजीच्या परिसरात हिंडला आणि १८३७ मध्ये असंख्य ऑर्किडे व ॲम्हर्स्टिया या सुंदर फुलझाडाचे रोप घेऊन सुखरूप परतला. या यशाने हुरूप येऊन चॅट्सवर्थचे आणखी दोन माळी, रॉबर्ट वॉलेस आणि पीटर बँक्स, उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे पाठवण्यात आले. १८३८ मध्ये कोलंबिया नदीच्या खवळलेल्या प्रवाहात दोघेही बुडाले. पॅक्स्टनला या बातमीचा जबर धक्का बसला. चॅट्सवर्थने अशी मोहीम पुन्हा काढली नाही. आणि ज्या ॲम्हर्स्टियासाठी गिब्सन हजारो मैल गेला, तिचे इंग्लंडमधले पहिले फूल १८४९ मध्ये उमलले ते चॅट्सवर्थला नव्हे, तर लंडनजवळच्या ईलिंग येथे मिसेस लॉरेन्स यांच्या बागेत.

उष्ण देशांतल्या या साऱ्या पाहुण्यांसाठी घर हवे होते. १८३६ ते १८४० या काळात पॅक्स्टनने डेसिमस बर्टन या वास्तुविशारदाच्या साहाय्याने चॅट्सवर्थचे महाकाचगृह उभारले. लांबी २७७ फूट, रुंदी १२३ फूट, उंची ६७ फूट. त्या काळी इंग्लंडमध्ये काचेवर कर होता आणि एवढी काच म्हणजे अफाट चैन. तिरप्या उन्हातली ऊब वाया जाऊ नये म्हणून छपराला घड्या घातल्यासारखे उंचसखल पन्हाळे दिलेले होते. त्यासाठी चार फूट लांबीच्या काचा खास बनवून घेण्यात आल्या. जमिनीखाली आठ बॉयलर धगधगत असत आणि सुमारे सात मैल लांबीच्या नळांतून गरम पाणी खेळत असे. कोळसा भुयारातल्या रुळांवरून येई. धूर दूरच्या रानात सोडला जाई. आतल्या झाडांना आणि पाहुण्यांना या खटाटोपाचा मागमूसही लागू नये, अशी ती योजना. डिसेंबर १८४३ मध्ये राणी व्हिक्टोरिया आली तेव्हा हजारो दिव्यांनी उजळलेल्या या काचमहालातून तिची बग्गी फिरली.

१८४९ च्या ऑगस्टमध्ये क्यू उद्यानातून आलेले ॲमेझॉनच्या महाकमळाचे रोप पॅक्स्टनने नोव्हेंबरात फुलवले. त्याच्या थाळ्याएवढ्या पानांवर त्याची लहानगी मुलगी ॲनी उभी राहू शकत असे. पानाच्या खालच्या बाजूच्या शिरांची गुंफण पाहून हलक्या आधारावर विस्तीर्ण छत तोलण्याची कल्पना त्याच्या मनात पक्की झाली. ११ जून १८५० रोजी डर्बी येथे रेल्वेच्या एका बैठकीत बसल्या बसल्या त्याने टीपकागदावर एक आराखडा रेखाटला. तोच लंडनचा क्रिस्टल पॅलेस. १८४८ फूट लांबीची ती वास्तू काही महिन्यांत उभी राहिली आणि १ मे १८५१ रोजी तेथे जागतिक प्रदर्शन भरले. शेतमजुराचा मुलगा सर जोसेफ झाला. १८५४ पासून मृत्यूपर्यंत तो कॉव्हेंट्रीचा खासदार होता.

जानेवारी १८५८ मध्ये ड्यूकचे निधन झाले. मालक आणि माळी म्हणून सुरू झालेले, पण मैत्रीत परिणत झालेले बत्तीस वर्षांचे नाते संपले. पॅक्स्टनने चॅट्सवर्थची नोकरी सोडली. ८ जून १८६५ रोजी, सिडनहॅम येथे पुन्हा उभारलेल्या क्रिस्टल पॅलेसच्या सान्निध्यातल्या घरी, त्याने जगाचा निरोप घेतला.

त्याच सुमारास त्याचा जुना शिष्य गिब्सन लंडनच्या बॅटरसी पार्कमध्ये एक नवा प्रयोग करीत होता. उन्हाळ्यात केळीवर्गातली थोराड झाडे त्याने उघड्या बागेत, आडोशाच्या जागी मांडली आणि थंडीची चाहूल लागताच ती पुन्हा काचेखाली हलवली. जे सरदाराच्या महालात बंदिस्त होते, ते असे सामान्य लंडनकरांच्या नजरेस पडले. थंड प्रदेशांतील हौशी बागवान आजही हाच क्रम पाळतात: पानझडीच्या अखेरीस पाने छाटून झाड उचलायचे, कंद कोरडा व हिमापासून दूर ठेवायचा आणि वसंतात पुन्हा बाहेर काढायचे.

महाकाचगृहाच्या नशिबी मात्र असा सौम्य हिवाळा नव्हता. पहिल्या महायुद्धात माळी रणांगणावर गेले, कोळसा मिळेना, बॉयलर विझले आणि झाडे गारठून मेली. १९२० मध्ये सुरुंग लावून ती इमारत पाडण्यात आली. पायाच्या भिंती तेवढ्या उरल्या. क्रिस्टल पॅलेस ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री आगीत भस्मसात झाला.

टिकली ती केळ. चॅट्सवर्थची काही रोपे जॉन विल्यम्स या मिशनऱ्याने सामोआला नेली आणि तेथून ती प्रशांत महासागरातल्या बेटांवर पसरली. जगातली प्रत्येक कॅव्हेंडिश केळ चॅट्सवर्थची वंशज आहे, असे सांगितले जाते ते अर्थात अतिशयोक्तीचे. हा गट मूळचा पूर्वेकडचा आणि तो अन्य वाटांनीही जगभर गेला. चॅट्सवर्थने त्याला नाव दिले. विसाव्या शतकाच्या मध्यास पनामा रोगाने ग्रॉस मिशेल ही निर्यातीची जात झोपवली, तेव्हा व्यापाऱ्यांनी कॅव्हेंडिशचा आश्रय घेतला. जळगावची बसराई आणि तिच्यामागून आलेली ग्रँड नैन या दोन्ही याच गटातल्या.

या केळीला बी धरत नाही. मुनव्यांपासून किंवा ऊतिसंवर्धनाने तिची वाढ होते. म्हणून एका झाडाचे दुखणे ते साऱ्यांचे दुखणे. पनामा रोगाचा नवा प्रकार २०१९ मध्ये दक्षिण अमेरिकेत, कोलंबियात आढळला आणि भारतातही त्याने शिरकाव केला आहे. त्याच्यावर खात्रीचा इलाज नाही. पॅक्स्टनने एका कंदाचा हिवाळा निभावून नेला होता. आता साऱ्या गटावर आलेला हिवाळा निभावण्याची पाळी संशोधकांवर आणि शेतकऱ्यांवर आली आहे.