देवळात न गेलेला संत : गाडगेबाबा

महाराष्ट्रात संत पुष्कळ झाले. पण पंढरपूरला वर्षानुवर्षे जाऊन देवळाची पायरी न चढलेला संत एकच. आषाढी-कार्तिकीला लाखो लोक विठ्ठलाच्या दर्शनासाठी रांगेत उभे असायचे, तेव्हा हा माणूस हातात खराटा घेऊन चंद्रभागेचे वाळवंट झाडायचा. आपल्या विहाराच्या वर्धापनदिनी आम्ही त्यांची आठवण काढतो आहोत, त्याला कारण आहे. ते शेवटी सांगू.

गाडगेबाबांचे खरे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे, परीट समाजात. वडिलांचे घर दारूपायी बुडाले आणि ते लवकर वारले. आई सखुबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे गावी भावाकडे आली. डेबूने गुरे राखली, नांगर धरला. शाळा काही बघितली नाही. पुढे सावकाराने मामाची जमीन कागदावर गिळली. अक्षर येत नाही म्हणजे काय होते, हे त्यांना त्या दिवशी कळले ते जन्मभर विसरले नाहीत. पहिल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटण करायचे होते. डेबूजीने ते साफ नाकारून भाऊबंदांना गोडाचे जेवण घातले. भाऊबंद चिडले, पण हा माणूस हटला नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे कपडे, हातात काठी आणि मातीचे फुटके गाडगे. त्यातच खायचे, त्यातच प्यायचे. म्हणून लोक गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरले की आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे.

हे कीर्तन पोथीतले नव्हते. बाबा वऱ्हाडी बोलीत लोकांनाच प्रश्न विचारायचे, आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे. देवाला आंघोळ कोण घालतो? आपण. धोतर कोण नेसवतो? आपण. नैवेद्यावर कुत्रे आले तर काठी कोण उगारतो? तेही आपणच. मग ज्याला स्वतःचा नैवेद्य राखता येत नाही, तो आपले काय राखणार, असे विचारून ते गप्प बसायचे. दिवा विझला तर देव दिसत नाही, मग मोठा कोण, दिवा की देव, हाही त्यांचा ठरलेला सवाल. सत्यनारायणाच्या पोथीत प्रसाद खाल्ल्यावर बुडालेले जहाज वर येते. बाबा म्हणायचे, मग लढाईत समुद्रात बुडालेली एवढी जहाजे आहेत, घाला पूजा आणि काढा वर! लोक हसायचे. हसता हसता डोक्यात उजेड पडायचा.

नवसाचे बोकड, कर्ज काढून केलेली जत्रा, दारू, हुंडा, शिवाशिव, सगळ्यावर त्यांचा खराटा फिरला. ताटे विका, बायकोला हलके लुगडे घ्या, पण पोराला शाळेत घाला, हे सांगताना त्यांचा गळा भरून यायचा. १९२३ मध्ये खारेपाटणला कीर्तन चालू असताना मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही, देवालाही साकडे घातले नाही.

लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी देवळांपेक्षा लोकांच्या सोयीवर भर दिला. ऋणमोचनला घाट बांधला, नाशिक-पंढरपूरला धर्मशाळा बांधल्या. मुंबईत जे. जे. इस्पितळाजवळ रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. गावाहून पेशंट घेऊन आलेल्या माणसाला विचारा त्या छपराची किंमत! पंढरपुरात अस्पृश्यांना कुठे थारा नव्हता, तेव्हा त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. १९४९ मध्ये ती त्यांनी बाबासाहेबांच्या स्वाधीन केली, शिक्षणाच्या कामासाठी. बाबा तेव्हा आजारी होते. देशाचे कायदामंत्री त्यांना भेटायला दोन घोंगड्या घेऊन गेले, असे सांगतात.

काही बांधव विचारतात, गाडगेबाबा गोपाला गोपाला भजन म्हणत, मग ते आपले कसे? प्रश्न रास्त आहे. त्यांनी धम्मदीक्षा घेतली नव्हती, देवाचे नावही टाकले नव्हते. हे आम्ही लपवत नाही. पण त्यांनी देव दगडातून उठवला आणि भुकेल्या, उघड्या माणसात नेऊन बसवला. नाव जुने ठेवले, काम नवे केले. आणि ऐकीव गोष्ट, पोथीतली गोष्ट तपासल्याशिवाय मानू नका, ही तर कालामांना तथागतांनी दिलेली शिकवण. बाबांनी ती निरक्षर खेडुतांच्या ओट्यावर नेली. ते स्वतःच्या पायाही कोणाला पडू देत नसत. पडलाच कोणी, तर काठी होती.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्रे पोलीस स्टेशनला त्यांचे गाजलेले कीर्तन झाले. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. पाठोपाठ चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ गाडगेबाबांनीही प्राण सोडला. महाराष्ट्र एका महिन्यात दोनदा पोरका झाला.

आता आमचे कारण. १९८२ च्या संपात आमच्या चाळींतून भांडी विकली गेली, ती किती घरांत पोरांच्या फीसाठी आणि किती घरांत नवसासाठी, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही पडद्यामागे देव्हारा सापडतो. विहारात येऊन बुद्धमूर्तीपुढे नोकरीसाठी नवस बोलणारेही आम्ही पाहतो. मूर्ती बदलली आणि सवय तीच राहिली, तर आपण बदललो काय? आपल्या विहारात अभ्यासिकेचे दिवे रात्री उशिरापर्यंत जळोत, खराटा रोज फिरो. बाबांना यापेक्षा वेगळे अभिवादन आवडले नसते.

जय भीम! नमो बुद्धाय!