धरण न बांधता नदी वळवणारा ली बिंग

पूर म्हटला की आपल्याला आधी धरण आठवतं. चीनच्या ली बिंगने मात्र सव्वादोन हजार वर्षांपूर्वी धरण न बांधताच नदी ताळ्यावर आणली!

छिन राज्याने इ.स.पूर्व ३१६ मध्ये शू, म्हणजे आजच्या सिच्वानचा भाग, जिंकला. पुढे ली बिंग तिथे सुभेदार म्हणून आला. मिन ही यांगत्सेची उपनदी. डोंगरातला बर्फ वितळला की ती धो धो खाली यायची आणि काठची शेतं बुडवायची. तिकडे छंगदूच्या मैदानात पिकं पाण्यावाचून वाळायची. आडवं धरण घालावं, तर सैन्याची रसद नेणाऱ्या नौकांची वाट बंद!

इ.स.पूर्व २५६ च्या सुमारास त्याने काम काढलं. बांबूच्या लांब करंड्यांत दगड भरून नदीच्या मधोमध माशाच्या तोंडासारखा टोकदार बांध घातला. नदीचे दोन भाग झाले. आतलं पात्र खोल, म्हणून पाणी कमी असताना जास्त वाटा शेतीकडे. पुरात मात्र जास्त पाणी रुंद अशा बाहेरच्या पात्रात. वळणामुळे बराचसा गाळही बाहेरच जातो. उरलेला गाळ आणि जादा पाणी एका बुटक्या सांडव्यावरून परत नदीत!

खरी कसोटी पुढे होती. मैदानाकडे पाणी न्यायचं तर डोंगर फोडायला हवा, आणि सुरुंगाची दारू तेव्हा नव्हती. मग खडकावर जाळ करायचा, वर गार पाणी ओतायचं, की खडक तडकायचा. अशी सुमारे २० मीटर रुंदीची खिंड पाडली गेली.

दुष्काळी मैदान धान्याचं कोठार झालं. त्या धान्याच्या जोरावर छिनने इ.स.पूर्व २२१ मध्ये सगळा चीन एक केला. लोकांनी ली बिंगचं देऊळ बांधलं. इ.स. १६८ मधला त्याचा दगडी पुतळा १९७४ साली नदीच्या पात्रातच सापडला.

दुज्यांगयेन नावाची ही योजना २००० साली जागतिक वारसा यादीत गेली. २००८ च्या भूकंपात माशाच्या तोंडाला तडे गेले, देवळाची पडझड झाली, पण पाणी वाहतंच राहिलं. आता तिथे काँक्रीट आणि दरवाजे आहेत; मांडणी मात्र तीच.

यामागे आणखी एक गोष्ट आहे. शतकानुशतकं तिथे हिवाळ्यात पात्र अडवून गाळ उपसला गेला. डिझाइन ली बिंगचं खरं, पण ते टिकवलं दरवर्षी फावडं हातात घेणाऱ्यांनी. मेंटेनन्सचा चॅप्टर ऑप्शनला टाकताना एवढं लक्षात ठेवा!