एक्सप्लेनर : गोऱ्यांना सावळे व्हायचे होते, मुंबईच्या मर्लला सावळेपण लपवायचे होते

युरोप-अमेरिकेत उन्हात न बसता त्वचा सावळी करणारे लोशन म्हणजेच सेल्फ टॅनर दुकानादुकानांत मिळते. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरात पारा चाळिशी ओलांडला की स्कूटीवरच्या मुली चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळतात आणि पार्लरमध्ये डी-टॅन करून घेतात. एकाच रंगासाठी तिकडे पैसे मोजून तो लावतात, इकडे पैसे मोजून काढतात. या उफराट्या व्यवहाराची सर्वांत मोठी किंमत मोजणारी अभिनेत्री मुंबईत जन्मली होती. तिचे नाव मर्ल ओबेरॉन.

कोण होती मर्ल?

१९ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईत तिचा जन्म झाला. जन्मनोंदीतले नाव एस्टेल मर्ल थॉम्पसन, घरचे लाडाचे नाव क्वीनी. जन्मदाती आई कॉन्स्टन्स तेव्हा अल्पवयीन होती. त्यामुळे मूळची सिलोनची असलेली आजी शार्लट हिने मर्लला स्वतःची मुलगी म्हणून वाढवले. १९१७ मध्ये दोघी कोलकात्याला गेल्या. तिथे मर्लने टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली. विशी गाठण्याच्या आसपास तिने युरोप गाठले. १९३३ च्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’ या चित्रपटातून दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डा याने तिला पुढे आणले.

खोटा जन्म का सांगितला?

तेव्हाच्या हॉलिवूडमध्ये मिश्र वंशाच्या मुलीला नायिका म्हणून जागा नव्हती. अमेरिकेच्या १९१७ च्या कायद्याने तर भारतीयांना तिथे स्थायिक होण्याचीच दारे बंद केली होती. म्हणून तिचा जन्म ऑस्ट्रेलियातील टास्मानियाचा, अशी कथा रचली गेली. सावळ्या वर्णाची शार्लट लंडनच्या घरात पाहुण्यांसमोर नोकराणी म्हणून वावरत असे, असे चरित्रकार लिहितात. १९३७ मध्ये शार्लट गेली. पुढे मर्लने जुन्या फोटोवरून तिचे चित्र काढून घेतले. त्यातही तिचा रंग उजळ करून घेतला.

चेहऱ्याचे काय झाले?

‘द डार्क एंजल’ (१९३५) या चित्रपटासाठी मर्लला ऑस्करचे नामांकन मिळाले. पण गोरे दिसणे हा तिच्या नोकरीचाच भाग झाला होता. १९३७ मध्ये लंडनला मोटार अपघातात तिच्या चेहऱ्यावर व्रण उमटले. १९४० मध्ये सौंदर्यप्रसाधने आणि सल्फा औषधांची तीव्र रिअॅक्शन आली. न्यूयॉर्कमध्ये त्वचा घासून काढणारे उपचार अनेकदा करूनही चेहरा पूर्ववत झाला नाही. छायाचित्रकार ल्युसियन बॅलार्डने कॅमेऱ्याजवळ एक खास दिवा बसवून हे डाग झाकले. हा दिवा ‘ओबी’ नावाने आजही ओळखला जातो. १९४५ मध्ये दोघांनी लग्न केले.

त्याच काळात गोरे काय करत होते?

पूर्वी युरोपात रापलेला चेहरा ही शेतमजुराची खूण होती. १९२० च्या दशकात फ्रेंच फॅशन डिझायनर कोको शनेलच्या प्रभावामुळे तो सुट्ट्या परवडणाऱ्या श्रीमंतांची खूण बनला. ‘वुदरिंग हाइट्स’ (१९३९) मध्ये मर्लचा नायक असलेल्या लॉरेन्स ऑलिव्हिएने पुढे ‘ऑथेल्लो’साठी अंगाला काळा रंग फासला. त्या भूमिकेसाठी त्याला ऑस्करचे नामांकनही मिळाले. त्याचा रंग शूटिंगनंतर धुऊन जात होता. मर्लचा जाणारा नव्हता.

सेल्फ टॅनर कसे काम करते?

यात डायहायड्रॉक्सीॲसिटोन हा साखरेसारखा पदार्थ असतो. १९५० च्या दशकात अमेरिकेतील सिनसिनाटी येथे मुलांना तो औषध म्हणून पाजताना अंगावर सांडला आणि त्वचा तपकिरी झाल्याचे लक्षात आले. त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत थरातील अमिनो आम्लांशी त्याची अभिक्रिया होते. तव्यावरची भाकरी खरपूस होते, तीच ही प्रक्रिया. मृत पेशी झडल्या की साधारण आठवडाभरात रंग उतरतो. या रंगाने उन्हापासून संरक्षण मिळत नाही, सनस्क्रीन लावावेच लागते. डोळे, ओठ आणि नाकाच्या आतील त्वचेपासून हे लोशन दूर ठेवावे. कोडाचे पांढरे डाग झाकण्यासाठीही हाच पदार्थ वापरतात, मात्र तो त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच.

शेवटी काय?

१९७८ मध्ये टास्मानियातील होबार्टने ‘आपली लेक’ म्हणून मर्लचे स्वागत केले. पुढच्याच वर्षी, २३ नोव्हेंबर १९७९ रोजी तिचे निधन झाले. मुंबईतील जन्माची नोंद त्यानंतर जगासमोर आली. २०२३ मध्ये मिशेल योह हिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले, तेव्हा या गटात नामांकन मिळालेली पहिली आशियाई कोण, या चर्चेत मर्लचे नाव पुन्हा निघाले. तिने आयुष्यभर जे लपवले, त्याच ओळखीने ती आज आठवली जाते.