बायोसेन्सरचे जनक : लेलंड क्लार्क

बोटाला सुई टोचली की काही सेकंदांत साखर सांगणारा ग्लुकोमीटर आपण घरोघरी पाहतो. पण त्याचं मूळ एका नाकारल्या गेलेल्या पेपरमध्ये आहे, हे किती जणांना माहीत आहे?

लेलंड क्लार्क यांचा जन्म ४ डिसेंबर १९१८ रोजी अमेरिकेतील रोचेस्टर येथे झाला. १९४४ मध्ये डॉक्टरेट मिळवल्यावर ते ओहायोतील यलो स्प्रिंग्ज या गावी संशोधन करू लागले. रक्तात ऑक्सिजन मिसळणारं यंत्र त्यांनी बनवलं. यंत्र चाललं, पण त्यातून निघणाऱ्या रक्तात ऑक्सिजन किती, हे मोजलेलं नव्हतं. संपादकांनी पेपर परत पाठवला!

क्लार्क मग मोजमापाच्याच मागे लागले. प्लॅटिनमवर ऑक्सिजनमुळे करंट मिळतो हे ठाऊक होतं, पण रक्तातील प्रथिनं प्लॅटिनमवर चिकटायची आणि रीडिंग बिघडायचं. १९५४ मध्ये त्यांनी दोन्ही इलेक्ट्रोड एकाच पॉलिथिनच्या पातळ पडद्याआड ठेवले. ऑक्सिजन आत, प्रथिनं बाहेर. झालं काम!

१९६२ मध्ये क्लार्क आणि लायन्स यांनी याच इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम पडद्यामागे अडकवण्याची कल्पना मांडली. एन्झाइम ग्लुकोजवर काम करताना ऑक्सिजन खर्च करतं. जितका ऑक्सिजन घटेल तितकी साखर जास्त. हाच पहिला बायोसेन्सर.

पण नमुन्यातला मूळ ऑक्सिजनच कमी-जास्त असला तर? त्यावर उपाय म्हणजे एन्झाइम नसलेला दुसरा इलेक्ट्रोड लावून फरक घ्यायचा. पुढे क्लार्क यांनी ऑक्सिजनऐवजी तयार होणारं हायड्रोजन पेरॉक्साइड मोजलं. तेव्हा नवीनच अडचण आली : क जीवनसत्त्व आणि पॅरासिटामॉलसुद्धा प्लॅटिनमवर करंट देतात. मग त्यांना अडवायला सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा बारीक छिद्रांचा पडदा आला. १९७५ मध्ये यलो स्प्रिंग्जच्याच कंपनीने या तत्त्वावरचा ग्लुकोज अ‍ॅनालायझर बाजारात आणला.

२००५ मध्ये क्लार्क यांना अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगचं रस प्राइझ मिळालं. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला त्यांचं निधन झालं.

सेन्सर सुधारायचा म्हणजे दरवेळी भारी एन्झाइमच शोधायचं असं नाही. नको ते इलेक्ट्रोडपर्यंत पोचू न देणं हेही तितकंच मोठं इंजिनिअरिंग आहे. तेव्हा दोस्तहो, प्रोजेक्टचं रीडिंग हललं की आधी सर्किटला शिव्या देऊ नका. मधे कोण लुडबुड करतंय ते शोधा!